हात लावू द्या!



जत्रेत मूल खेळण्यांच्या दुकानापुढे उभं राहतं आणि म्हणतं, "बघू!" आपण म्हणतो, "बघ की. समोरच तर आहे." पण मूल हात पुढे करूनच उभं असतं. कारण मुलाचं 'बघू' म्हणजे 'माझ्या हातात दे'. मूल डोळ्यांनी बघतं, तसंच हातांनीही बघतं.

आज आम्ही तुम्हाला एका अशा जागेविषयी सांगणार आहोत, जिथे मुलांच्या हाताला मनाई नाही. ही जागा म्हणजे मुलांचे संग्रहालय. तिथे आम्ही काही दिवस बिनपगारी काम केले. त्या कामात आम्ही काय शिकलो आणि कोणाकडून शिकलो, तेही सांगणार आहोत.

संग्रहालय म्हणजे जुन्या, वेगळ्या, पाहण्याजोग्या वस्तू जपून ठेवण्याचं घर. तुमच्यापैकी काहींनी मुंबईचं किंवा पुण्याचं संग्रहालय पाहिलं असेल. तिथे तलवारी असतात, मूर्ती असतात, नाणी असतात. सगळं काचेच्या आत असतं. आणि भिंतीवर पाटी असते, "हात लावू नये." ही पाटी बरोबर आहे. शेकडो वर्षांची वस्तू हजारो हातांनी झिजून जाईल. पण लहान मूल अशा जागी दहा मिनिटांत कंटाळतं आणि "घरी चला" म्हणतं.

म्हणून काही शहाण्या माणसांनी विचार केला, की मुलांसाठी निराळं संग्रहालय का असू नये? अमेरिकेत न्यूयॉर्क नावाचं मोठं शहर आहे. त्या शहराच्या ब्रुकलिन या भागात १८९९ साली असं संग्रहालय उघडलं. मुलांसाठी म्हणून काढलेलं जगातलं हे पहिलं संग्रहालय, असं मानतात. पुढे १९१३ साली बॉस्टन शहरात दुसरं निघालं. ते काढण्यात शाळांतल्या विज्ञानाच्या शिक्षकांचा पुढाकार होता. इंडियानापोलिस नावाच्या शहरात मेरी केरी नावाच्या बाई होत्या. त्यांनी ब्रुकलिनचं संग्रहालय पाहिलं. आपल्या गावातही असं हवं, असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यांनी खटपट केली आणि १९२५ साली त्यांच्या गावात संग्रहालय सुरू झालं. आज ते मुलांचं जगातलं सर्वांत मोठं संग्रहालय गणलं जातं.

बॉस्टनच्या संग्रहालयाची आणखी एक गोष्ट ऐका. १९६२ साली तिथे मायकेल स्पॉक नावाचे तरुण गृहस्थ मुख्य म्हणून आले. लहानपणी त्यांना वाचायला फार जड जाई. अक्षरं डोळ्यांपुढे नीट लागत नसत. बुद्धी मात्र चांगली होती. ते वस्तू पाहून, हाताळून शिकले. मग संग्रहालय हाती आल्यावर त्यांनी काय केलं? कपाटातल्या वस्तू मुलांच्या हाताशी आणल्या. रोजच्या वापरातल्या वस्तू कापून आत काय असतं ते मुलांना दाखवलं. पुढे जगभर मुलांची संग्रहालयं निघाली, त्यांनी हाच कित्ता गिरवला. बघा, ज्याला वाचणं जड गेलं, त्यानंच साऱ्या जगाला शिकवण्याची नवी रीत दाखवली.

आपल्या देशातही हे काम झालं आहे. गुजरातेत अमरेलीला १९५५ साली मुलांचं संग्रहालय निघालं. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. त्याच्या आवारात २०१९ साली मुलांसाठी वेगळं संग्रहालय उघडलं. तिथे कोणत्या वस्तू मांडायच्या, हे ठरवताना मुलांनाही सोबत घेतलं होतं. याच संस्थेनं २०१५ साली एक मोठी बस तयार केली. त्या बसमध्ये संग्रहालय मांडून ती शाळांपर्यंत आणि गावांपर्यंत नेण्यात आली. म्हणजे गावातल्या मुलाला संग्रहालयाकडे जाता येत नसेल, तर संग्रहालयच त्याच्याकडे आलं.

आता अशा जागी काम कोण करतं? थोडी माणसं पगारी असतात. पण मुलं येतात शेकड्यांनी. प्रत्येक घोळक्याजवळ एक मोठं माणूस हवं. म्हणून दोन प्रकारची माणसं मदतीला घेतात. एक स्वयंसेवक. तो आपल्या सवडीनं येतो, रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी. त्याला पगार नसतो. दुसरा उमेदवार. आपल्याकडे सुताराच्या किंवा शिंप्याच्या हाताखाली पोर उमेदवारी करतं ना? तसंच हे. तो दोन-चार महिने रोज येतो आणि कामाबरोबर धंदाही शिकतो.

आम्ही तिघे-चौघे एका शहरात असेच स्वयंसेवक झालो. पहिल्या रविवारी फार उत्साहानं गेलो. आदल्या रात्री पुस्तकं वाचून तयारी केली होती. मुलं आली. आम्ही मध्ये उभे राहून बोलू लागलो. ही वस्तू कुठली, किती जुनी, कशाची केलेली. पाच मिनिटं झाली असतील नसतील, मुलं एकेक करून पाण्याच्या नळाकडे पसार झाली! शेवटी आमच्यासमोर एक पोरगी उरली. तीही तिची चप्पल सापडत नव्हती म्हणून.

तिथल्या मुख्य बाई हसल्या. म्हणाल्या, "तुम्ही फार सांगता. थोडं विचारा. आणि उभं राहून नाही, खाली बसून."

दुसऱ्या रविवारी आम्ही खाली बसलो. मुलाच्या हातात एक जुना अडकित्ता दिला आणि विचारलं, "हे काय असेल बरं?" एक म्हणाला, "कात्री." दुसरी म्हणाली, "पक्षी." अडकित्त्याचा आकार खरंच पक्ष्यासारखा होता. मग सुपारी आणली, कातरून दाखवली. अर्धा तास गेला. एकही मूल हललं नाही. आम्ही त्या दिवशी चार वाक्यंसुद्धा बोललो नसू.

त्या संग्रहालयात एक दगडी जातं होतं. मुलांनी ते फिरवून बघावं म्हणूनच ठेवलेलं. पण ते काही केल्या दळेना. मुलं दाणे घालायची, जोर लावून खुंटा फिरवायची, आणि दाणे होते तसेच बाहेर पडायचे. आम्हाला वाटलं, जातं बिघडलं. "नादुरुस्त" अशी चिठ्ठी लावायची, असंही ठरलं.

त्याच रविवारी दुपारी दाराशी जरा गडबड ऐकू आली. बांधकामावर काम करणारं एक जोडपं आणि त्यांचा आठ-नऊ वर्षांचा मुलगा दाराबाहेर उभा होता. पहारेकऱ्यानं त्यांना अडवलं होतं. खरं म्हणजे त्या दिवशी प्रवेश फुकट होता. तसं पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलंही होतं. पण त्या दोघांना वाचता येत नव्हतं. पहारेकरी म्हणाला ते त्यांनी खरं मानलं आणि ते परत निघाले होते. मुलगा शाळेत जाणारा. त्यानं पाटी वाचली होती. पण मोठ्या माणसापुढे त्याची जीभ उचलेना. आम्ही धावत गेलो, माफी मागितली आणि तिघांना आत आणलं.

आत आल्यावर मुलगा आईचा हात सोडून लांब लांब चालू लागला. बाकीची मुलं चांगल्या कपड्यांत. त्याला आईच्या विटलेल्या लुगड्याची लाज वाटत होती. ते आईलाही कळत होतं. ती काही बोलली नाही.

तेवढ्यात त्या बाईंना जातं दिसलं. त्या जवळ गेल्या. वरची तळी त्यांनी दोन्ही हातांनी उचलून बाजूला केली. खालच्या दगडावरून तळवा फिरवला आणि म्हणाल्या, "ताई, हे गुळगुळीत झालंय. दळंल कसं? याला टाकी लावायला पायजे."

आम्ही विचारलं, "मावशी, टाकी म्हणजे?"

"अहो, छिन्नीनं दगडाला बारीक बारीक टवके पाडायचे. दगड खरबरीत झाला की दाणा धरतो. आमच्या गावात टाकी लावणारी बाई दारावर यायची."

आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. पुस्तकं वाचलेली माणसं आम्ही! जातं बिघडलं म्हणत होतो. बाईंनी हात फिरवून रोग सांगितला.

पुढच्या आठवड्यात पाथरवटाला बोलावून टाकी लावली. आम्ही त्या बाईंना निरोप धाडला होता. रविवारी त्या आल्या. मुलगाही आला. बाई पाय लांब करून जात्याशी बसल्या आणि दळू लागल्या. पांढरंशुभ्र पीठ भुरभुर बाहेर पडू लागलं. मुलांनी कडं केलं. बाई म्हणाल्या, "एका वेळी एकच मूठ वैरण घालायची."

एका मुलीनं विचारलं, "वैरण तर गुरांना घालतात ना?"

"जात्यालाबी भूक लागते, बाळा," बाई म्हणाल्या. सगळी मुलं हसली. मग रांग लागली. प्रत्येकाला मावशीजवळ बसून दळायचं होतं.

त्यांचा मुलगा आधी खांबाआड उभा होता. हळूहळू पुढे आला. एका मुलानं विचारलं, "या कोण रे?" तो म्हणाला, "माझी आई." आणि रांग नीट लावायला तो स्वतःच पुढे झाला.

तेव्हापासून त्या बाई महिन्यातून एका रविवारी येऊ लागल्या. मुलं त्यांना 'जात्याची मावशी' म्हणत. त्यांचा रोज बुडू नये म्हणून सुट्टीचाच दिवस ठरवला. येण्याजाण्याचं भाडं संग्रहालयानं दिलं. ते द्यायलाच हवं होतं. बिनपगारी काम म्हणजे पदरमोड करून काम, असं नव्हे. तुमच्यापैकी कोणी किंवा तुमचा मुलगा-मुलगी अशा कामाला गेली, तर आधी विचारावं. भाडं कोण देणार? उमेदवाराला शिकवणार काय? नुसती झाडलोटच करून घेणार का? शेवटी कामाचा दाखला मिळेल का? हे विचारण्यात संकोच नको. झाडलोट हलकी नाही. ती आम्हीही केली. पण शिकायला आलेल्याला शिकायला मिळालं पाहिजे.

या कामात शिकण्यासारखं पुष्कळ आहे. वस्तू उचलायची ती दोन्ही हातांनी, बुडाला आधार देऊन. कान किंवा कड धरून कधी उचलायची नाही. जुना सांधा तिथेच तुटतो. प्रत्येक वस्तूला क्रमांक असतो. तो दिसणार नाही अशा जागी घालतात. मग वहीत लिहितात. वस्तू कोणी दिली, कुठून आली, कशाची आहे, केवढी आहे, कुठे चीर गेली आहे. ही नोंद नसेल तर वस्तू मुकी होते. दमट जागा, वाळवी आणि कसर यांवर रोज नजर ठेवावी लागते. अगदी दुर्मिळ वस्तू काचेतच असते. मुलांच्या हातात देतात ती जोडीची दुसरी, किंवा हुबेहूब केलेली नक्कल.

आणि मुलं जपावी लागतात ती वस्तूंपेक्षाही जास्त. कोणत्याही मुलाला एकट्याला बाजूला न्यायचं नाही. आईबापांना विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही. मूल हरवलं तर काय करायचं, ते पहिल्याच दिवशी समजून घ्यायचं. ज्या मुलाला दिसत नाही, त्याला वस्तू आधी द्यायची आणि वेळही जास्त द्यायचा. आमच्याकडे असा एक मुलगा आला होता. त्यानं मोटेच्या नमुन्यावरून बोटं फिरवली आणि पाणी कोणत्या वाटेनं बाहेर पडत असेल, ते बरोबर सांगितलं. डोळस मुलांना ते सांगता आलं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, "हे शहरातलं झालं. आमचं काय?"

मंडळी, संग्रहालयात ज्या वस्तू जपून ठेवतात, त्यातल्या कितीतरी तुमच्या घरच्या आहेत. पाभर, मोट, सूप, उखळ, रवी, पायली, शेर. या वस्तू चालवायच्या कशा, हे कोणाला ठाऊक आहे? तुम्हाला. तुमच्या आईवडिलांना. शहरातल्या शिकलेल्या उमेदवाराला ते पुस्तकात सापडत नाही. ती माणसं गेली की ते ज्ञानही जाईल. मग जातं राहील, पण टाकी म्हणजे काय हे सांगणारं कोणी उरणार नाही.

म्हणून संग्रहालयाची बस गावात आली, तर लांब उभे राहू नका. मुलांबरोबर आत जा. पाटी वाचा. चूक दिसली तर सांगा. आणि बस येईपर्यंत थांबायलाही नको. शाळेतल्या गुरुजींशी बोला. शाळेचा एक कोपरा मागून घ्या. घरात पडून असलेली एकेक वस्तू आणा. नाव, गाव, उपयोग कागदावर लिहा. आता तुम्हाला लिहिता येतं. आठवड्यातून एक तास एकानं तिथे बसावं. मुलांच्या हातात वस्तू द्यावी आणि विचारावं, "हे काय असेल बरं?" झालं तुमचं संग्रहालय. झालात तुम्ही स्वयंसेवक.

त्या जात्याच्या मावशींचं पुढे काय झालं, तेवढं सांगून थांबतो.

त्या सांगत, त्यातलं एक वाक्य आम्ही जात्याजवळच्या पाटीवर लिहून लावलं होतं. मावशी त्या पाटीजवळ बसत, पण ती वाचता येत नव्हती. एकदा त्यांनी विचारलं, "ताई, यावर काय लिहिलंय?" आम्ही म्हणालो, "मावशी, तुमचंच बोलणं आहे." त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "माझं बोलणं, आन् मलाच वाचता येईना."

त्या रात्रीच्या वर्गाला जाऊ लागल्या. मुलगा घरी पाठ घेई. वर्ष गेलं. एका रविवारी मुलं यायच्या आधी त्या पाटीपुढे उभ्या राहिल्या. अक्षरावर बोट ठेवून सावकाश वाचू लागल्या.

"जा-त्या-ला टा-की ला-व-ली, की दा-णा ध-र-तो."

मुलगा शेजारी उभा होता. त्याचा हात आईच्या हातात होता.