नाव तेच, नोंद वेगळी



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. डेटाबेस हे माझं रोजचं काम. तरीही अब्बांच्या निधनानंतर वारस नोंदीसाठी अर्ज केला, तेव्हा मीच अडकलो.

मृत्यूच्या दाखल्यावर अब्बांचं नाव ‘मोहम्मद’. ऑनलाइन सातबाऱ्यावर ‘महमद’. माझ्या आधारवर वडिलांचं नाव ‘मोहंमद’. “नावं जुळत नाहीत, अर्ज पुढे जाणार नाही,” एवढंच उत्तर मिळालं.

कागदी वह्यांच्या काळात तलाठी भाऊसाहेब माणसं ओळखायचे. महमद म्हणजे मशिदीमागचे मोहम्मदभाई, हे त्यांना सांगावं लागत नसे. पण ज्याची ओळख नाही त्याच्या नशिबी हेलपाटेच असायचे. म्हणून मी जुन्या काळाचे गोडवे गाणार नाही. महाराष्ट्रात २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. ही सोय मोठी आहे.

मात्र संगणकाला माणूस दिसत नाही, अक्षरांचे क्रमांक दिसतात. ‘नवाज़’मधला नुक्त्याचा ‘ज़’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा ‘ज’ आणि वेगळा नुक्ता म्हणून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण प्रोग्राम लिहिणाऱ्याने काळजी घेतली नसेल, तर संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी नावं. त्यात आपली नावं अरबी-फारसीतून उर्दूत, तिथून मराठीत आणि पुढे इंग्रजीत आलेली. प्रत्येक कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलं.

मग मी तहसीलच्या अभिलेख कक्षातून जुना हस्तलिखित सातबारा आणि फेरफार यांच्या प्रमाणित नकला काढल्या. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली लेखनप्रमाद दुरुस्तीचा अर्ज केला. वेळ लागला, पण नाव दुरुस्त झालं.

गोष्ट इथे संपली असती. पण त्या नकलांमध्ये दादांच्या निधनानंतरचा फेरफार होता. दादांना पाच मुलं. नोंदीत तिघेच, अब्बा आणि दोन चाचा. दोन्ही फुफींची नावं कुठेच नाहीत.

ही ऑपरेटरची चूक नव्हती. कागदावर होतं तेच संगणकात इमानेइतबारे उतरलं होतं. नावं गाळली होती ती आमच्या घराने. कुरआनाने मुलीचा हिस्सा ठरवून दिला, हे आपण जलशांत अभिमानाने सांगतो. आमच्या फेरफारात मात्र तो दिसत नाही.

एक फुफी हयात आहे. तिला विचारलं, तर म्हणाली, “बेटा, मला कुणी विचारलंच नव्हतं.”

कारकुनाची चूक कलम १५५ ने निघाली. ही चूक त्या कलमात बसत नाही. मी चाचांपुढे विषय काढला. एका चाचांनी अबोला धरला आहे, दुसरे विचार करतो म्हणाले. फुफीचं नाव अजून लागलेलं नाही, पण माझ्या वाट्यातून सुरुवात करायची हे मी घरात सांगून टाकलं आहे.

मित्रमैत्रिणींनो, आज घरी गेल्यावर सातबारा, जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि आधार शेजारी-शेजारी ठेवा. अक्षर न् अक्षर ताडून पाहा. चूक दिसली तर काम अडायची वाट पाहू नका. खरं काय ते सांगणारी वडीलधारी माणसं घरात आहेत तोवर अर्ज करा.

आणि स्पेलिंग तपासून झालं की नावं मोजा. घरात किती बहिणी होत्या आणि नोंदीत किती आहेत, तेही बघा. रेकॉर्ड आता आपल्या मोबाइलवर आहे. माहीत नव्हतं, असं आपल्या पिढीला म्हणता येणार नाही.