महिना उलटला तरी उतरेना



'सांजेला अंगात कसर भरते, आणि पहाटे घामानं बंडी भिजून जाते.' चाळिशीतला एक शेतकरी सांगत होता. दीड महिना हेच चाललेलं. पिशवीत रिपोर्टांचा गठ्ठा. मलेरिया नाही, टायफॉईड नाही, छातीचा फोटो स्वच्छ. तीनदा अँटिबायोटिक बदललेलं. दर वेळी चार दिवस बरं, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

तीन आठवड्यांहून जास्त टिकलेला, वारंवार १०१ अंशांवर जाणारा, आणि आठवडाभर रुग्णालयात तपासूनही न उलगडणारा तो 'अज्ञात ताप', अशी व्याख्या पीटर्सडॉर्फ आणि बीसन यांनी १९६१ साली केली. आपल्याकडे अशा वेळी पहिला संशय क्षयाचा. तो मणक्यात नाहीतर पोटातल्या गाठींत दडला, तर छातीचा फोटो काय दाखवणार? शिवाय लसिकाग्रंथींचा कर्करोग, संधिवाताचे काही प्रकार. कधीकधी तर चालू असलेलं औषधच ताप आणतं. सगळ्या तपासण्या एकदम लिहून द्यायचा मोह मलाही होतो, खोटं कशाला बोलू?

पण त्या दिवशी पिशवी बाजूला ठेवून मी गोठ्याचं विचारलं.

'म्हैस गाभडली की हो, दिवाळीच्या आधी. वार अडकली होती. मीच हात घालून काढली.'

'हाताला चिरा होत्या?'

तो हसला. 'शेतकऱ्याच्या हाताला कधी नसतात?'

ब्रुसेलोसिस! १८८७ साली डेव्हिड ब्रूस यांनी माल्टा बेटावर ज्याचा जंतू शोधला, तोच हा ताप. तिथल्या सैनिकांना तो शेळीच्या कच्च्या दुधातून होत होता, हे १९०५ मध्ये उमगलं. हा जंतू आपल्याच पेशींत शिरून बसतो, म्हणून चार दिवसांच्या गोळ्यांना दाद देत नाही. प्रयोगशाळेत वाढतोही सावकाश. आणि नमुना हाताळणाऱ्यालाच त्याची लागण होऊ शकते, त्यामुळे रक्त पाठवताना चिठ्ठीवर संशय स्पष्ट लिहावा लागतो. तो मी लिहिला. संशय खरा निघाला.

दोन औषधं, सहा आठवडे. ताप उतरला तरी थांबवायची नाहीत, असं मी बजावत होतो. तेवढ्यात मागच्या बाकावरून त्याची बायको म्हणाली, 'आणि धारोष्ण दूध? पोरं रोज पेलाभर पितात. धाकट्याला चार दिवसांपासून कणकण आहे.'

मी दुसरा केसपेपर घेतला.