वाडवडलांची वाट

(शतकपूर्ती मेळाव्यात खोपट येथे केलेलं भाषण)



विणेकरी बाबा, टाळकरी, पखवाजी, तुळस डोईवर घेणाऱ्या माझ्या आया-बहिणी आणि खोपटची सगळी मंडळी, तुमच्या चरणी दंडवत. मी मुरबाडकडचा भातशेतकरी, शिक्षण चौथी. मला भाषण येत नाही, कीर्तन येतं. तेव्हा बोलता बोलता पाय हलले तर सांभाळून घ्या.

मला विषय दिलाय वाडवडलांची आठवण. मग आधी एक विचारतो. तुमच्या खापरपणज्याचं नाव काय? हात वर करू नका, मनात आठवा. बापाचं नाव रेशनकार्डावर असतं. आज्ज्याचं सातबाऱ्यावर असतं. त्याच्या पुढं आपली गाडी अडते. आणि आता तर शिवारात इमारती उभ्या राहिल्या. सातबारा गेला की आज्ज्याचं नावही त्याच्याबरोबर गेलं. नातवाला बिल्डिंगचं नाव पाठ, आज्ज्याचं नाही. हे दुखणं एका घरचं नाही, घरोघरचं आहे.

आता तुकोबारायांचं घराणं बघा. विश्वंभर, त्यांचे हरी, हरीचे विठ्ठल, विठ्ठलाचे पदाजी, पदाजीचे शंकर, शंकराचे कान्होबा, कान्होबांचे बोल्होबा आणि बोल्होबांचे तुकोबा. आठ पिढ्या आपण कीर्तनात धडाधड सांगतो. या पिढ्या टिकल्या कशा? घरात पंढरीची वारी होती म्हणून. विश्वंभरबाबांची कथा सांगतात, की वडील गेल्यावर त्यांच्या आईनं त्यांना आठवण दिली, बाळा, आपल्या घरची वारी आहे, ती चुकवू नको. बघा माउली, वाट दाखवली ती आईनं.

पुढची गोष्ट तर फार मोठी आहे. 1650 साली तुकोबाराय वैकुंठाला गेले तेव्हा जिजाई गरोदर होत्या. मागून नारायणबाबांचा जन्म झाला. पोरानं बापाचं तोंड पाहिलं नाही, मांडीवर बसला नाही. मग बाप भेटायचा कसा? नारायणबाबांनी 1685 साली पालखी काढली. पालखीत तुकोबांच्या पादुका ठेवल्या, आळंदीला जाऊन ज्ञानोबांच्या पादुका घेतल्या आणि भजन करीत पंढरीची वाट धरली. ज्या वाटेनं बाप चालला त्याच वाटेनं लेक चालला. म्हणून मी म्हणतो, पूर्वज फोटोत भेटत नाहीत, चालताना भेटतात. फोटोला हार आपण वर्षातून एकदा घालतो. वाटेवर मात्र पावलागणिक आठवण होते. इथं आज्जा बसायचा, इथं पाणी प्यायचा.

आता आपल्या दिंडीचं. ठाण्याला आगगाडी आली 1853 साली. आपली दिंडी निघाली तेव्हा गाडीला सत्तर वर्षं होत आली होती. तिकीट काढून जाता आलं असतं, तरी आपले आज्जे पायीच गेले. आषाढीला आपल्याकडं आवणी असते. चिखलात पाय रुतलेला शेतकरी कसा निघणार? म्हणून त्यांनी कार्तिकातली आळंदी धरली. भात कापून, झोडून, कणगीत टाकून निघायचं. कल्याण, मुरबाड, माळशेज घाट. घाट चढला की ओतूर, तिथं बाबाजी चैतन्यांची समाधी, तुकोबांच्या गुरूंची. पुढं नारायणगाव, मंचर, खेड, चाकण, की आळंदी. आजही मुक्कामाच्या गावी ज्या घरानं आज्ज्याला भाकर दिली त्याच घरी नातवाला भाकर मिळते. तिथली म्हातारी विचारते, तू कुणाचा रे? आणि आपण नाव सांगितलं की म्हणते, तुझा आज्जा पिठल्यात मिरची जास्त मागायचा. आज्जा काय आवडीनं खायचा हे आपल्या घरात कुणाला ठाऊक नसतं, ते परक्या गावात कळतं. हे नातं रक्ताचं नाही, पण रक्ताइतकंच घट्ट आहे.

एक गोष्ट मात्र मोकळेपणानं बोलतो. आपल्या दिंडीची जुनी वही मी पाहिली. विणा कुणी धरला, टाळ कुणी धरले, शिधा कुणी दिला, सगळं लिहिलंय. पण पुरुषांचं. तुळस घेणारी बाई, पाण्याचा हंडा घेणारी बाई, पहाटे तीन दगडांवर भाकरी थापणारी बाई, तिचं नाव नाही. असलं तर अमक्याची आई, तमक्याची बायको. शंभर वर्षं ती उपाशीपोटी आपल्याला वाढत आली. जनाबाईंचं नाव नामदेवरायांबरोबर घेतो ना आपण? मग आपल्या पणजीचं का घेऊ नये?

म्हणून शंभर वर्षांच्या निमित्तानं तीन कामं सांगतो.

पहिलं, प्रस्थानाच्या आदल्या रात्री सगळं भावकीघर एकत्र बसायचं. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसानं नावं सांगायची आणि शाळेत जाणाऱ्या पोरानं लिहायची. बाईचं नाव, तिचं माहेर, दोन्ही लिहायचं. म्हातारं माणूस गेलं की विचारायला जागा उरत नाही, म्हणून हे काम यंदाच करा.

दुसरं, पौषात निवृत्तीनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला जाल तेव्हा आपल्या तीर्थोपाध्यायांकडं जा. त्यांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या पिढ्या गावाप्रमाणं लिहून ठेवलेल्या असतात. आपलं घर सापडलं तर जुन्या नावांना हात लावून नमस्कार करा आणि खाली आजच्या पोरांची नावं घाला.

तिसरं, एक तरी नातू, एक तरी नात एक मजल चालवा. पूर्ण वारी नको. शाळा आहे, परीक्षा आहे, मला कळतं. पण एक मजल. पायाला फोड आला तर येऊ द्या. त्या फोडावर तेल लावताना सांगा, तुझ्या खापरपणज्याच्या पायालाही इथंच फोड आला होता.

शेतात बांध असतो. दर वर्षी त्यावर माती घातली तरच तो राहतो, नाहीतर पावसात वाहून जातो. आपल्या आज्ज्यांनी शंभर वर्षं माती घातली. आता पाटी आपल्या डोक्यावर आहे.

चुकलं-माकलं पदरात घ्या. रामकृष्ण हरी.