चाकावरची मोकळी जागा



चाकणच्या कारखान्यात २००९ ते २०२२ या काळात फोक्सवॅगनची पोलो तयार होत होती. तिची जीटी टीएसआय ही आवृत्ती २०१३ साली आली. १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १०५ पीएस ताकद, सात गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि आटोपशीर बांधा. उत्पादन थांबलं तरी या गाडीवर जीव असलेली माणसं आपल्याकडे भरपूर आहेत. त्यातल्या अनेकांची नजर कधी ना कधी एकाच जागी अडकते, ती म्हणजे टायर आणि मडगार्ड यांच्यामधली फट. गाडी टाचा उंचावून उभी असल्यासारखी दिसते. मग लोअरिंग स्प्रिंगांची चौकशी सुरू होते. मूळच्या स्प्रिंगा काढून आखूड आणि थोड्या कडक स्प्रिंगा घालायच्या, की गाडी वीस-तीस मिलिमीटर खाली बसते.

मला या हौसेबद्दल मनापासून आस्था आहे. घाटात वळणाला चिकटून चालणारी छोटी गाडी ही फार आनंदाची गोष्ट आहे. म्हणूनच ती फट म्हणजे नेमकं काय, हे आज सांगायचं आहे. ती वाया गेलेली जागा नाही. चाकाला वर यायला ठेवलेली ती वाट आहे.

आधी स्प्रिंगेकडे बघू. पोलोच्या पुढच्या बाजूला मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरची ही रचना १९५० च्या सुमारास फोर्डच्या गाड्यांमधून पुढे आली आणि आज बहुतेक छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकांना हीच असते. एकाच खांबात शॉकअप आणि त्याच्याभोवती स्प्रिंग. खांबाचं वरचं टोक बॉडीला आणि खालचं चाकाच्या हबला. पुढच्या प्रत्येक स्प्रिंगेवर उभ्या गाडीचा साधारण तीनशे किलोचा भार असतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे काम करताना लागणार आहे.

स्प्रिंग किती कडक, हे तीन गोष्टी ठरवतात: तारेची जाडी, वेढ्याचा व्यास आणि वेढ्यांची संख्या. यात जाडीचा वाटा सगळ्यात मोठा, कारण कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. तार फक्त दहा टक्के जाड केली तर स्प्रिंग जवळजवळ शेहेचाळीस टक्के कडक होते. वेढे कमी केले तरी कडकपणा वाढतो, आणि इथेच काही ठिकाणी एक घातक स्वस्त उपाय केला जातो. मूळ स्प्रिंगेचा एखादा वेढा कटरने कापायचा, की झाली गाडी खाली. श्रोतेहो, हे कधीही करू देऊ नका. स्प्रिंगेचं टोक बैठकीत नीट बसावं म्हणून मुद्दाम घडवलेलं असतं. ते कापल्यावर उरलेलं टोक तिरकं टेकतं आणि गाडी उसळली की जागेवरून सरकू शकतं. कापताना तापलेल्या पोलादाचा कस तिथे गेलेला असतो, तो वेगळाच. वळणावर स्प्रिंग तुटली तर ती टायरमध्ये घुसू शकते.

आता त्या वाटेकडे येऊ. शॉकअपच्या दांड्यावर फोमसारख्या रबरी पदार्थाची एक गुंडी असते, तिला बंप स्टॉप म्हणतात. चाक खूप वर आलं की या गुंडीला टेकतं आणि तिथून पुढे स्प्रिंगेचं राज्य संपतं. समजा, एखाद्या गाडीत चाकाला बंप स्टॉपपर्यंत यायला साठ मिलिमीटर वाव आहे आणि आपण गाडी तीस मिलिमीटर खाली बसवली. वाव निम्मा झाला. खड्ड्याचा धक्का तर तेवढाच आहे. निम्म्या अंतरात तोच धक्का पेलायचा, तर शॉकअपची मदत बाजूला ठेवली असता स्प्रिंग चौपट कडक हवी. बाजारातल्या चांगल्या लोअरिंग स्प्रिंगा चौपट कडक नसतात, नसाव्यातही. चौपट कडक स्प्रिंगांवर गाडीत बसवणार नाही. समजा, पंचवीस टक्के जास्त कडक स्प्रिंग घातली, तर निम्म्या वावात ती मूळच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही थोडा कमी धक्का पेलते. बाकीचा बंप स्टॉपवर, तिथून बॉडीवर आणि तिथून तुमच्या पाठीच्या मणक्यावर.

खाली बसवलेली गाडी दणके देते तेव्हा लोक म्हणतात, स्प्रिंगा फार कडक निघाल्या. बऱ्याचदा तो दणका स्प्रिंगेचा नसतोच, गाडी बंप स्टॉपवर चालत असते. आणि वळणात बाहेरचं चाक असं टेकलं, तर त्या कोपऱ्याचा कडकपणा एकदम वाढतो, टायरची पकड सुटते, आणि चपळ करायला घेतलेली गाडी वळणात सरळ पळू लागते.

बरं, मग फायदा किती? छोट्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण अर्धा मीटर वर असतो. गाडी तीस मिलिमीटर खाली आणली तर तो सुमारे सहा टक्के उतरतो, आणि वळताना आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाणारं वजनही तेवढंच कमी होतं. फायदा खरा आहे, पण बेताचा. स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी पटकन वळते असं जे जाणवतं, त्यात कडकपणाचा वाटा उंचीपेक्षा मोठा असतो.

त्यातही मॅकफर्सन रचनेची एक खोड आहे. चाकाला खालून धरणारा लोअर आर्म मूळ उंचीवर बॉडीकडून चाकाकडे किंचित उतरता असतो. बॉडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते, तो बिंदू या आर्मच्या कोनावर ठरतो. गाडी थोडी उतरवली की आर्म आडवा होतो. आणखी उतरवली की तो चाकाकडे चढता होतो, आणि तो बिंदू बॉडीपेक्षा जास्त वेगाने खाली जातो. गुरुत्वमध्य आणि तो बिंदू यांच्यातलं अंतर वाढतं, म्हणजे वळणात बॉडीला कलवणारी तरफ लांब होते. फाजील उतरवलेली गाडी तेवढ्याच कडकपणाला जास्त कलते, आणि कलताना बाहेरचं चाक टायरच्या बाहेरच्या कडेवर जातं. उंची कमी करून पकड घालवायची, असा हा व्यवहार होतो. म्हणून रस्त्यावरच्या पोलोसाठी माझं मत वीस ते तीस मिलिमीटरपर्यंत थांबावं असं आहे. त्यापुढे फोटो चांगला येतो, गाडी चांगली चालत नाही.

आपल्या रस्त्यांचा हिशेबही करून बघा. भारतीय पोलोचा ग्राउंड क्लिअरन्स साधारण १६५ मिलिमीटर. त्यातून तीस गेले, १३५ उरले. चार माणसं आणि सामान भरलं की गाडी आणखी तीसेक मिलिमीटर बसते. राहिले १०५. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधकाची उंची १०० मिलिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर दिली आहे. पोलोच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर अडीच मीटरच्या आत आहे, म्हणजे मानकाप्रमाणे बांधलेला गतिरोधक गाडीपेक्षा ऐसपैस असतो आणि गाडी त्यावर हळूहळू चढते, उतरते. पण आपल्याकडच्या गल्लीतला गतिरोधक अरुंद आणि टोकदार असतो. पुढची चाकं उतरून गेलेली, मागची अजून चढायची, आणि उंचवटा बरोबर पोटाखाली. तिथे हे १०५ मिलिमीटर पुरत नाहीत.

शॉकअपचा विचार याच वेळी करायला हवा. स्प्रिंग ताकद साठवते आणि परत फेकते, तो परतावा जिरवण्याचं काम शॉकअपचं. स्प्रिंग कडक झाली की परतावा जोरात येतो. साठ-सत्तर हजार किलोमीटर चाललेल्या शॉकअपवर नव्या कडक स्प्रिंगा घालणं म्हणजे थकलेल्या माणसावर दुप्पट ओझं टाकणं. शॉकअप जुने असतील तर दोन्ही एकदमच बदला. मजुरी तीच लागते.

कायद्याचं खरेदीपूर्वीच बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडक लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तेव्हा आरटीओ आणि विमा कंपनी, दोघांनाही लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. जर्मनीत अशा स्प्रिंगांबरोबर तपासणीचं प्रमाणपत्र मिळतं आणि गरजेनुसार तज्ज्ञाकडून गाडी तपासून कागदपत्रांत नोंद होते. आपल्याकडेही अशी सरळ वाट असावी, असं मला फार वाटतं. प्रमाणित, नीट बसवलेली स्प्रिंग आणि कटरने कापलेली स्प्रिंग यांत कायद्याने फरक केला, तर कापणाऱ्यांचा धंदा आपोआप आटेल.

आता प्रत्यक्ष काम. सुरुवातीला टेपने प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजून लिहून ठेवा. गाडी सपाट जागी, मागच्या चाकांना ठोकळे, आणि गाडी उचलल्यावर ती जॅकवर न ठेवता स्टँडवर टेकवा. चाक काढलं की स्ट्रटला अडकवलेला ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर सोडवा, अँटी-रोल बारची लिंक काढा. अनेक गाड्यांत स्ट्रट हबला दोन बोल्टांनी जोडलेला असतो. पोलोत तसं नाही. तिथे हबलाच एक चिरलेली बाही असते, स्ट्रट तिच्यात बसतो आणि एका आडव्या बोल्टने आवळला जातो. बोल्ट काढल्यावर त्या चिरेत खास पाना घालून फिरवला की बाही उघडते आणि स्ट्रट सुटतो. तो पाना नसेल तर काही जण छिन्नी ठोकतात. तसं करणाऱ्याकडून गाडी परत घेऊन या.

बाहेर काढलेल्या स्ट्रटमध्ये तो तीनशे किलोचा भार पेलणारी स्प्रिंग दबलेली असते. वरचा नट थेट सोडला तर ती सुटून माणूस मारू शकते. स्प्रिंग कॉम्प्रेसरचे दोन आकडे समोरासमोर लावायचे आणि दोन्ही स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे, हातानेच आवळायचे. एअर गन नाही. चेहरा स्ट्रटच्या रेषेत आणायचा नाही. स्प्रिंग बैठकीवर सैल झाली, हाताने हलू लागली, की मगच वरचा नट. नवी स्प्रिंग घालताना रबरी बैठका तपासा, स्प्रिंगेचं टोक बैठकीच्या पायरीला भिडवा, बंप स्टॉप छाटायचा की नाही ते स्प्रिंगेच्या कागदात लिहिलेलं असेल तसंच करा, आणि लॉकनट नवे वापरा.

मागचं काम तुलनेने सोपं. पोलोच्या मागे एकसंध बीम असतो आणि स्प्रिंग शॉकअपपासून वेगळी बसते. बीमला जॅकचा आधार द्यायचा, शॉकअपचे खालचे बोल्ट काढायचे, बीम हळूहळू उतरवायचा, की स्प्रिंग हातात येते. ब्रेकच्या होजवर ताण येऊ द्यायचा नाही, एवढं सांभाळायचं.

आणि एक गोष्ट, जी घाईत कायम राहून जाते. लोअर आर्मचे आणि बीमचे बुश रबराचे असतात आणि ते रबर आतल्या नळीला चिकटवलेलं असतं. गाडी खाली आली की आर्मचा कोन बदलतो आणि ते रबर कायमचं पिळलेलं राहतं. म्हणून हे बोल्ट सैल करायचे, गाडी स्वतःच्या वजनावर नव्या उंचीला आणायची आणि त्या अवस्थेत कंपनीने दिलेल्या टॉर्कला आवळायचे. गाडी हवेत असताना आवळले, तर काही महिन्यांत बुश फाटतात आणि दोष स्प्रिंगांवर येतो.

पहिले दोन-तीन आठवडे स्प्रिंगा आणखी थोड्या बसतात. त्यानंतर पुन्हा उंची मोजा, नट-बोल्टांचा टॉर्क तपासा आणि व्हील अलाइनमेंट करून घ्या, कारण आर्मबरोबर टाय रॉडचाही कोन बदललेला असतो. ते टाळलं तर टायर आतल्या कडेने झिजतात, आणि बाहेरून उभं राहून बघणाऱ्याला ते दिसतही नाही. महिन्यातून एकदा टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवा. हेडलाइटचा झोतही तपासा, विशेषतः मागची बाजू पुढच्यापेक्षा जास्त बसली असेल तर, कारण मग झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो.

मग चार माणसं आणि नेहमीचं सामान भरून, रोज जायच्या रस्त्यावरून गाडी चालवा. एकट्याने चालवून काही कळत नाही. प्रत्येक खड्ड्याला ठक् असा बोथट आवाज आला, तर गाडी बंप स्टॉपवर आहे आणि त्या रस्त्याला ती उंची पुरत नाही. मूळच्या स्प्रिंगा काढतानाच त्यांच्यावर पुढची-मागची, डावी-उजवी अशा चिठ्ठ्या बांधून ठेवलेल्या असल्या, तर त्या पुन्हा बसवायला एक दिवस पुरतो.