देवनागरी मजकूर आणि आदेश-ओळ
(भाषणाचा मजकूर)

देवास हे गाव एक, पण गाद्या दोन. पवारांच्या थोरल्या व धाकट्या पातीचा कारभार १९४८ साली संस्थाने मध्य भारतात विलीन होईपर्यंत एकाच वस्तीत शेजारी शेजारी चालला. संगणकावर मजकूर लिहिणाऱ्याची स्थितीही काहीशी अशीच असते. एकीकडे टर्मिनल, जेथे आदेश टंकित करावयाचा; दुसरीकडे माऊसने चालणारी खिडकी. फाइल मात्र एकच.

पवारांबरोबर देवासला मराठी आली. तेथील लेखनिकाने मराठी लिहिली काय किंवा हिंदी, लिपी देवनागरीच. आणि अडचण नेमकी येथेच आहे. टर्मिनलमध्ये अक्षरे ठराविक रुंदीच्या चौकटींत बसविलेली असतात. १९७६ साली बिल जॉय यांनी रचलेला 'व्हीआय' हा संपादक अशाच पडद्यासाठी होता. 'जिल्हा' हा शब्द युनिकोडमध्ये सहा चिन्हांचा आहे. त्यातील वेलांटी साठविली जाते 'ज'नंतर, पण दिसावयास हवी त्याच्या आधी. पुष्कळशा टर्मिनलांना हे साधत नाही. जोडाक्षरे फुटतात आणि शुद्धलेखन तपासणे दुरापास्त होते.

यावर उपाय सोपा आहे. फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तेथे जाऊन 'जीएडिट' किंवा 'केट' या संपादकाचे नाव आणि त्यापुढे फाइलचे नाव टंकित केले, की खिडकी उघडते व अक्षरे नीट जुळून येतात. आदेशाच्या अखेरीस & हे चिन्ह जोडल्यास टर्मिनल पुढील कामासाठी मोकळे राहते.

या मोकळेपणाचा एक धोका मात्र ध्यानी घ्यावयास हवा. 'गिट'सारखी आज्ञावली मजकूर लिहून घेण्यासाठी स्वतःच संपादक उघडते आणि तो बंद होण्याची वाट पाहते. संपादकाने ताबा तत्काळ परत केला, तर लिहिणे संपले असे ती समजते व कोरा मजकूर घेऊन थांबते. म्हणून 'जीव्हीम'ला एफ हा पर्याय आणि 'व्हीएस कोड'ला वेट हा पर्याय जोडून द्यावा लागतो. या एका शब्दावाचून अनेकांचा दिवस वाया गेलेला आहे.

तीच फाइल टर्मिनलमध्ये व खिडकीत एकाच वेळी उघडू नये. बहुतेक संपादक सूचना देतात. ती न वाचता पुढे गेल्यास जो शेवटी जतन करील त्याचा मजकूर उरतो, आणि दुसऱ्या पातीचा दप्तरातून नाहीसा होतो.