पडदे धुवा, पण हंगामात

माळेगाव बुद्रुक, पणदरे, खांडज, नीरावागज, सांगवी, आणि उसाच्या फडात कुणी मोबाईलवर ऐकत असेल तर त्यांनाही नमस्कार. मला विषय दिलाय ‘घराची स्वच्छता आणि आरोग्य’. त्यातला मी फक्त पडदा घेणार आहे. फरशी तुम्ही रोज पुसता, भांडी लख्ख असतात, तिथं मी काय शिकवणार?

घट बसायच्या आधी आपल्याकडं घरातलं कापड न् कापड बाहेर निघतं. गोधड्या, वाकळा, चादरी, पडदे. डाव्या कालव्याला पाणी असलं की काठानं नुसती आपटाआपटी चालते. फार चांगली रीत आहे. आणि मग? दसरा होतो, साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात, गव्हाणीत मोळी पडते. रस्त्यानं ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची आणि बैलगाड्यांची रांग लागते. कुणाचा फड जळतो, कुणी तोडणीनंतर पाचट पेटवतं. म्हणजे धूळ-काजळी सुरू व्हायच्या तोंडावर आपण पडदे धुतले, आणि पुढं कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, पार मार्च-एप्रिलपर्यंत, त्यांच्याकडं ढुंकून बघितलं नाही. माझं सांगणं एवढंच आहे: घटाला धुता ते धुवाच, पण गळीत हंगामात दर महिन्याला पडदे उतरवा.

खोटं वाटत असेल तर आज एक करा. पांढरं फडकं ओलं करा, स्टुलावर चढा आणि पडद्याच्या अगदी वरच्या चुण्यांमधनं फिरवा. खाली नाही, वर. खालचा भाग डोळ्यासमोर असतो, वरचा कुणी बघत नाही. फडक्यावर करडी धूळ येईल, आणि तिच्यात बारीक काळे धागे दिसतील. ती जळालेल्या पाचटाची काजळी. बोटानं दाबली की पुसट रेघ उमटते. आता तोच पडदा उतरवायच्या आधी खालची कडा बघा, जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर. तिथं तेलकट पट्टा असतो. तो पोरांचा. हात तिथं, नाक तिथं, चपातीचा तुकडाही तिथंच.

दादांनो, आता तुमच्याशी बोलते, कारण पडदे म्हणजे बायकांचं काम असं म्हणून तुम्ही रेडिओचा आवाज कमी करायच्या बेतात असाल. तुमच्या ट्रॅक्टरला एअर क्लीनर असतो. धुळीत नांगरट केली की तुम्ही तो उघडता. जुन्या ट्रॅक्टरला तेलाची वाटी असते, त्यातलं तेल चिखलासारखं झालं की बदलता. का? नाहीतर इंजिन काळा धूर ओकतं, डिझेल जास्त पितं. मग खिडकीतला पडदा काय आहे? घराचा एअर क्लीनरच आहे. बाहेरची धूळ तो अडवतो, अडवून अंगावर ठेवतो. फरक इतकाच, की ट्रॅक्टरचा क्लीनर घट्ट बसवलेला असतो आणि पडदा आपण सकाळ-संध्याकाळ सर्रकन ओढतो. म्हणजे वाटीतला चिखल रोज दोनदा इंजिनात ओतायचा. आणि इथलं इंजिन म्हणजे तुमच्या नातवाची छाती. ट्रॅक्टरचं इंजिन खोलून मिस्त्री बसवून देईल. छाती कोण खोलणार?

थंडीत खिडक्या बंद, पडदे ओढलेले, आणि घरात एकाला तरी खोकला. औषधाची बाटली येते, वाफ घेतली जाते, पण पडदा तसाच. दम्याच्या माणसाला ही धूळ सोसत नाही. शिवाय धूळ म्हणजे नुसती माती नव्हे. तिच्यात साध्या डोळ्यांना न दिसणारे किडे असतात, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे. आपल्या अंगाचा गळलेला कोंडा ते खातात, आणि त्यांच्या विष्ठेनं शिंका, डोळ्यांची खाज, दमा उठतो. साठ अंश तापलेल्या पाण्यात ते मरतात. गार पाण्यानं मरत नाहीत, पण घाण बरीचशी वाहून जाते, तेही काही थोडं नाही.

दवाखान्यातलं एक उदाहरण देते. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाच्या रुग्णालयात खाटांमधले ४३ पडदे तपासले. २०१२ साली ते छापून आलं. ४१ पडद्यांवर कधी ना कधी रोगजंतू सापडले. नवे कोरे टांगलेले १३ होते, त्यांतले १२ आठवडाभरात खराब. आपलं घर दवाखाना नाही, हे कबूल. पण हात लागतो तिथं पडदा मळतोच, आणि मधल्या खोलीच्या दाराच्या पडद्याला किती हात लागतात ते मोजा.

कापडाची किंमत आपल्या तालुक्याला शिकवायला नको. तुकोबांच्या पालखीला काटेवाडीत परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो. तसं स्वच्छ कापड आपल्या खिडकीत का नको?

उतरवताना घरात झटकू नका. आतल्या बाजूला घडी घाला, अंगणात न्या, नाकाला रुमाल बांधा, मग झटका. रिंगा, हूक काढा. आधी साध्या पाण्यात बुडवा, पहिलं काळं पाणी जाऊ द्या, मग साबण. कडक उन्हात खडखडीत वाळवा, दमट पडदा परत टांगू नका. आणि ते मखमलीसारखे जाड, अस्तराचे पडदे? दिसायला छान, पण बादलीत मावत नाहीत, म्हणून धुतलेच जात नाहीत. त्यापेक्षा जुनी सुती साडी फाडून दोन जोड शिवा. एक खिडकीला, एक दोरीवर. पाणीही कमी लागतं.

पडद्यामागच्या अंधारात डेंग्यूचा डास दिवसा बसतो, ते मला सविस्तर... पण इथं काचेपलीकडून बोट दाखवतायत. एक मिनिट. पुन्हा सांगते, कारण नेमकं हेच विसरलं जातं: घटाची धुणी झाली म्हणजे पडद्याचं वर्ष झालं असं नाही. मोळी पडल्यापासून पट्टा पडेपर्यंत, महिन्याला एकदा. मधल्या आठवड्यांत नुसतं बाहेर नेऊन झटकलं तरी चालेल, आणि ते काम दादांनी करावं, स्टुलावर चढायला उंची लागते. धुतलेलं पाणी परसातल्या केळीला घालावं का, असं परवा एका वहिनींनी विचारलं होतं. साबण कमी असेल तर पहिलं पाणी... बरं, लाल दिवा लागला.