ओळख आणि गोतावळा



संगणकाच्या जाळ्यावर वावरणाऱ्याला आपण कोण आहोत हे पटवून द्यावे लागते, आणि आपले कोण आहेत हे, वाटल्यास, सांगता येते. ही दोन कामे स्वभावतः भिन्न असताना ती एकाच मालकाच्या दप्तरी सोपविण्याची जी वहिवाट पडली, तिचा विचार आज मला करावयाचा आहे.

२००५ साली अमेरिकेत ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी ‘लाइव्हजर्नल’ या ब्लॉगस्थळासाठी ‘ओपनआयडी’ ही पद्धती सिद्ध केली. तीत मनुष्याचा जाळ्यावरील पत्ता हीच त्याची ओळख ठरे. परक्या स्थळाच्या दाराशी तो गेला की ते स्थळ त्याला त्यानेच निवडलेल्या जामीनदाराकडे पाठवी, पासवर्ड तो तेथेच देई, आणि परक्या स्थळाच्या हाती पडे तो केवळ जामीनदाराच्या सहीचा दाखला. तिच्यातील मला सर्वांत मोलाची वाटणारी तरतूद अशी की, स्वतःच्या पानाच्या शिरोभागी दोन ओळी लिहून हा जामीनदार नेमता येई, आणि पुढे तो नकोसा झाल्यास, पत्ता तोच राखून, त्या ओळी तेवढ्या बदलल्या की भागे.

या दाखल्यात आप्तमित्रांची नोंद नव्हती. तिच्यासाठी डॅन ब्रिकली आणि लिबी मिलर यांनी २००० साली आरंभिलेली ‘फोफ’ ही स्वतंत्र व्यवस्था होती, जिच्या योगे आपल्या परिचयाची माणसे यंत्राला वाचता येतील अशा रीतीने आपल्याच पानावर नोंदविता येत. प्रत्येक नव्या स्थळी तेच मित्र पुन्हा जोडण्याचा शीण लोकांनी का सोसावा, असा प्रश्न २००७ साली फिट्झपॅट्रिक यांनीच जाहीरपणे मांडला. परंतु दोन्ही वाटा जुळण्यापूर्वीच, २००८ साली, फेसबुकने ‘कनेक्ट’ आणून प्रवेश आणि मित्रमंडळ ही दोन्ही एकाच बटणासरशी देऊ केली, आणि सोयीपुढे स्वातंत्र्य मागे पडले.

त्याची किंमत केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीच्या प्रकरणात २०१८ साली जगाला कळली. एक प्रश्नावली सुमारे २ लाख ७० हजार लोकांनी भरली, आणि फेसबुकच्याच अंदाजाप्रमाणे ८ कोटी ७० लाखांपर्यंत माणसांची माहिती बाहेर गेली. कारण भरणाऱ्याचा होकार त्याच्या मित्रांच्याही वतीने धरला गेला होता. मैत्री ही दोघांची सामाईक मिळकत असल्याने तिचा दस्तऐवज एकट्याच्या सहीने तिऱ्हाइताच्या स्वाधीन होऊ नये. म्हणूनच संबंध उघड करण्याची मुभा उभयपक्षी ऐच्छिक असली पाहिजे, असा माझा आग्रह आहे.

या कसोटीवर पाहता, ‘मॅस्टोडॉन’ या समाजमाध्यमात आज अनुयायाला परवानगीवाचून आत न घेण्याची आणि आपली संबंधितांची यादी झाकून ठेवण्याची सोय आहे, मात्र तेथील पत्त्यात सर्व्हरचे नाव गुंतलेले असते, आणि तो अकस्मात बंद पडला तर अनुयायांना दुसरीकडे नेता येत नाही. ‘ब्लूस्काय’ या दुसऱ्या समाजमाध्यमात स्वतःच्या मालकीचे डोमेन हीच आपली ओळख करता येते, आणि पूर्वतयारी असल्यास जुन्या सर्व्हरच्या संमतीवाचूनही बिऱ्हाड हलविता येते, पण कोण कोणाचा अनुयायी आहे, हे तेथे कोणालाही वाचता येते.